देवबाग-तारकर्लीत शेजाऱ्यांचं सामाईक बुकिंग कॅलेंडर: दिवाळी ते पावसाळा वापरल्यावर

गेल्या दिवाळीपासून वाडीतली आम्ही काही न्याहारी-निवासवाली घरं मिळून एकच गुगल कॅलेंडर वापरतोय. प्रत्येक घराचा रंग वेगळा. खोली गेली की बुकिंग घेणाऱ्याने तिथल्या तिथे नोंद करायची. खर्च काही नाही. ज्या घरी म्हातारी माणसंच फोन घेतात, तिथल्या नोंदी शेजारची कॉलेजातली मुलं करतात.

खरा फायदा झाला तो मोठ्या ग्रुपचा. आमच्याकडे घरटी तीन-चार खोल्या. कोल्हापूर-बेळगावहून पाच-सहा कुटुंबं एकत्र निघाली की पूर्वी नाही म्हणावं लागे, आणि ती माणसं सरळ गोवा गाठत. आता फोनवर बोलतानाच तीन घरांत वाटणी होते, जेवणाची पंगत एका अंगणात बसते.

बुकिंगचं एक ॲपही सोबत चालू ठेवलं होतं. कमिशन कापून पैसे उशिरा येतात, हे चालवून घेतलं. पण आम्ही बंद केलेल्या तारखेला त्यांनी खोली विकली, आणि रात्री दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यांना उत्तर आम्हालाच द्यावं लागलं. शेजारी खोली रिकामी आहे हे कॅलेंडरवर दिसलं म्हणून त्या रात्री निभावलं.

आता अडचण. कॅलेंडर खोल्या दाखवतं, दर धरून ठेवत नाही. मे संपताना सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि स्कूबा बंद होतात, रिकाम्या खोल्या सगळ्यांना दिसतात, आणि कुणीतरी भाव पाडतो. मग पाहुणा तोच आकडा घेऊन घरोघर फिरतो. जूनमध्ये यावरून चांगलीच वादावादी झाली. शेवटी पावसाळ्याचा किमान दर सगळ्यांनी मिळून ठरवला आणि तो नोंदीतच लिहायला लागलो. तेव्हापासून बरं आहे. पाहुणा पाठवणाऱ्या घराला काय द्यायचं, हे मात्र अजून ठरलेलं नाही. माझं मत, ठरावीक रक्कम द्यावी. मनात ठेवून कुढण्यापेक्षा ते बरं.

जाहिरातीबद्दल मला तळमळीने सांगायचंय. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तरी आम्ही सगळे स्कूबा आणि पॅरासेलिंगचेच फोटो टाकतो. साहजिकच पाहुणा किल्ला, स्कूबा, सुरमईची थाळी एका दिवसात उरकतो. आम्ही आमच्या सामाईक पानावर धामापूरचा तलाव, जत्रांच्या दिवसांतलं दशावतार आणि कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्या घातल्या. पिंगुळीच्या या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कुडाळ स्टेशनवर उतरून मालवणकडे येणारे किती पाहुणे तिथे थांबतात? पानावर हे आल्यापासून दुसऱ्या मुक्कामाची चौकशी वाढली आहे, विशेषतः मुलं घेऊन येणाऱ्यांची.

उत्तर गोव्यातला मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून बरेच पाहुणे तिकडून येतात आणि उतरल्याबरोबर गोव्याच्या जाहिरातींत सापडतात. एका घराला गाडी पाठवणं परवडत नाही. कॅलेंडरवर विमानाची वेळही लिहिली, की दोन घरांचे पाहुणे एका गाडीत येतात.

दहापेक्षा जास्त खोल्या असतील तर विकतचं सॉफ्टवेअर घ्या, हे कॅलेंडर पुरणार नाही. छोट्या घरांनी जरूर वापरावं. फक्त पावसाळ्याचा दर दिवाळीआधीच लिहून ठेवा, जूनची वाट बघू नका.