रत्नागिरीत जुन्या गाडीचे सुटे भाग कुठे घ्यावेत?

रत्नागिरीत गाडीचे सुटे भाग घ्यायचे झाल्यास तीन पर्याय आहेत : कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर, बाजारातले खासगी दुकान आणि ऑनलाइन खरेदी. आमची गाडी डिझेल स्विफ्ट आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्याच बंद केल्यामुळे तिच्या इंजिनाचे भाग आता मागितल्याबरोबर हाती पडत नाहीत. तिन्ही ठिकाणी खरेदी केल्यानंतर माझा कौल शहरातल्या एका जुन्या दुकानाला आहे, आणि त्याचे कारण किंमत हे नाही.

या दुकानात गाडीचे मॉडेल सांगून भागत नाही. काउंटरवरचे गृहस्थ आधी आरसीवरचा चेसिस नंबर मागतात आणि शक्य असेल तर काढलेला जुना भागही घेऊन यायला सांगतात, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदललेले असतात. लोअर आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा, मागितला तेव्हा त्यांनी दोन खोकी उघडून समोर ठेवली, बॉल जॉइंटवरचे रबर अंगठ्याने दाबून दाखवले आणि कोणता माल कंपनीचा, कोणता लोकल, हे न विचारता सांगितले. बॉश, व्हॅलिओ, ल्युकास टीव्हीएस यांसारख्या उत्पादकांच्या स्वतःच्या खोक्यातला माल ते आवर्जून सुचवतात. ब्रेक आणि स्टिअरिंगसाठी मात्र लोकल माल गळ्यात मारत नाहीत. स्विफ्टचे १.३ लिटरचे डिझेल इंजिन मुळात फियाटचे असून ते टाटाच्या काही गाड्यांतही होते, हे त्यांना तोंडपाठ असल्यामुळे मारुतीच्या खोक्यात न मिळालेला भाग ते नंबर जुळवून दुसऱ्या नावाच्या खोक्यात शोधतात. ही जाण मला अधिकृत काउंटरवर आढळली नाही.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचे दुखणे त्यांना ठाऊक आहे. खाऱ्या हवेने सायलेन्सर आणि ब्रेकचे पाइप गंजतात, बॅटरीच्या टर्मिनलवर थर चढतो आणि भर पावसात हँडब्रेक ओढून गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. त्यामुळे हा माल त्यांच्याकडे सहसा संपत नाही.

सेन्सर, इंजेक्टर आणि एअरबॅगचे भाग मात्र मी अधिकृत सेंटरमधूनच घेतो. तिथे आगाऊ रक्कम भरून वाट पाहावी लागते. पण या भागांत बनावट माल निघाला तर होणारे नुकसान परवडणारे नसते. ऑनलाइनचा फायदा असा, की पार्ट नंबर अचूक माहीत असेल तर भावाचा अंदाज येतो. तोटाही तितकाच मोठा. एका विक्रेत्याने उजव्याऐवजी डावा आर्म पाठवला आणि तो परत जाऊन योग्य भाग येईपर्यंत गाडी मेकॅनिकच्या दारात अडकून पडली. दुकानात हेच काम जाऊन-येऊन तासाभरात झाले असते.

दुकानाच्या दोन गोष्टी खटकतात. 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी ते अक्षरशः पाळतात, त्यामुळे असा भाग तिथेच तपासून घ्यावा. दुसरे म्हणजे पक्के बिल मागावे लागते. मागितल्यावर कुरकुर होत नाही, पण आपणहून मिळतही नाही. सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या एमआरपीचे खोके दिसल्यास कोणत्या दराने बिल होणार, हे आधीच विचारलेले बरे.

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस शक्यतो टाळावेत. मुंबईहून आलेल्या गाड्यांमुळे क्लच प्लेट आणि ब्रेक पॅड संपतात, नवा माल कोल्हापूरहून आंबा घाटातून यायचा असतो आणि पावसात दरड आली की तोही अडकतो.