रोजच्या गाडीत रोल केज: काम चोख, सल्ला चुकीचा

पुण्यातल्या एका वर्कशॉपमधून मी माझ्या हॅचबॅकमध्ये सहा ठिकाणी बोल्टने बसणारा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून आत बसवायचा पोलादी पाइपांचा सांगाडा, करून घेतला आणि पुढे चौदा महिने तीच गाडी ऑफिसला, मंडईत आणि सणावाराला गावी नेली. कामात खोट काढायला जागा नाही. मुख्य हूपचा, म्हणजे पुढच्या सीटमागच्या कमानीचा, पाइप बिनजोड, 45 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.5 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे एफआयए या मोटार स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या नियमावलीतल्या मापाचाच आहे, आणि वेल्डिंग पाइपच्या पूर्ण घेरात एकसारखे उतरले आहे. तरीही मी पाचपैकी दोनच गुण देतो, कारण 'घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी बसवून घ्या' असे सांगून त्यांनी तो मला दिला.

रॅलीच्या गाडीत चालकाला जखडून ठेवणारी बकेट सीट, पाच-सहा पट्ट्यांचा हार्नेस आणि डोक्यावरचे हेल्मेट यांच्या जोडीनेच केज काम करतो. आपला नेहमीचा सीटबेल्ट छाती आणि कंबर धरतो. डोके मात्र टकरीच्या क्षणी पुढे आणि बाजूला बरेच लांब फेकले जाते. मी सीटवर बसून टेप लावला, तेव्हा कानशिलापासून दारावरच्या पाइपपर्यंत जेमतेम 11 सेंटीमीटर भरले. गाडी उलटायलाच हवी असे नाही, बाजूने धडक बसली तरी उघडे डोके थेट पोलादावर जाणार. पाइपवरचा राखाडी फोम अंगठ्याने दाबला की आतला पाइप लगेच हाताला लागतो. एसीच्या नळीवर चढवतात तसलाच तो आहे. स्पर्धेतले मान्यताप्राप्त पॅडिंग चांगलेच कडक असते, आणि तेही हेल्मेट जिथे लागू शकेल अशा जागांसाठी ठरवलेले आहे.

कात्रजच्या पुढे एका न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर मला जोरात ब्रेक दाबावा लागला. पाण्याची बाटली द्यायला पुढे वाकलेल्या ताईचे कपाळ हूपच्या आडव्या पाइपवर आपटले आणि लिंबाएवढे टेंगूळ आले. वेग तीसच्या आसपासच होता, आणि त्या दिवसापासून मागच्या सीटवर कोणाला बसवायला माझे मन धजले नाही.

छताच्या कडेतून खिडकीवर उलगडणाऱ्या कर्टन एअरबॅगच्या वाटेतच हे पाइप येतात, हेही बसवताना कोणी बोलले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 182ए मध्ये बेकायदा फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, तेही मला नंतर कळले. थारसारख्या गाडीत कंपनीच केज देते, पण तिथे सीट, बेल्ट आणि केज यांचा आराखडा एकत्र झालेला असतो.

गाडी ट्रेलरवरून ट्रॅकवर नेणाऱ्यांनी या वर्कशॉपकडे खुशाल जावे. मी केज उतरवून घेतला आहे. गाडी रस्त्यावर चालणार का आणि मागे कोण बसणार, हे दोन प्रश्न वर्कशॉपने जॉब कार्डवर छापून घ्यावेत, असे मी मालकांना लेखी कळवले आहे.