जालन्यात जुन्या बोलेरो पिकअपचे पार्ट घ्यायचेत तर हे दुकान बरंय

आमची पिकअप २००९ ची, २५२३ सीसीचं डिझेल इंजिन. अंबड रोडला कापूस आणताना निळा धूर सोडायला लागली, मेस्त्री म्हणला पिस्टनच्या रिंगा झिजल्या, ऑइल जळतंय. आधी दुसऱ्याच एका दुकानातून "बोलेरोचाच आहे, बसतंय" म्हणून स्टँडर्ड रिंग सेट आणला, बोअरमधी (पिस्टन वरखाली होतो त्या भोकात) टाकून बघितला तर रिंगेच्या दोन टोकांमधल्या गॅपमधी नख जाईल, अन माल काही वापस घेतला नाही. मग मोंढ्याजवळच्या ह्या दुकानात गेलतो. काकांनी साल नाही, इंजिन नंबरचा फोटो मागितला अन म्हणले जुना पिस्टन घेऊन या. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी चिंधीनं पुसली तर खाली ०.५० कोरलेलं, म्हणजे पहिल्या मालकानं बोअर अर्धा मिमी मोठा करून घेतलेला अन आम्हाला पत्ताच नाही! स्टँडर्ड बोअर ८८.९ मिमी, आमचा अर्धा मिमी मोठा, कशा बसतील रिंगा. हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) बी जुन्यावर ठेवून भोकं अन जाडी जुळवूनच दिलं. भाव जरा चढाच, गाडी लावायला जागा नाही, उधारीचं तर नावच काढू नका. पण ऑइल खाणं थांबलं, चार तारे.