किनाऱ्याचा इतिहास जुळवताना: छापील पोस्टकार्ड घ्यावं की फोटोकार्ड?

जुन्या पोस्टकार्डांवरून एखाद्या किनाऱ्याचा इतिहास जुळवायला बसलं की पहिला प्रश्न पैशांचा येतो. एकाच धक्क्याची दोन कार्डं समोर असतात. एक रंगीत, छापखान्यातलं, स्वस्त. दुसरं करडं, खऱ्या फोटोचं आणि बरंच महाग. कडा किती ढासळला, वाळू कुठे सरकली हे शोधायचं असेल, तर माझ्या मते खिसा हलका करून फोटोकार्डच घ्यावं. गाव पाहुण्यांपुढे काय मिरवत होतं हे हवं असेल, तर छापील कार्डांचा गठ्ठा पुरेसा आहे, किंबहुना उजवाच.

ओळखायला दहापट भिंग पुरतं. ते आकाशाच्या भागावर धरा. बहुतेक छापील कार्डांवर ठिपक्यांची जाळी दिसते, काहींवर सुरकुत्यांसारखे बारीक कण. फोटोकार्डात यातलं काहीच नसतं, काळा रंग सलग करड्यात उतरत जातो. जुनं कार्ड उजेडात तिरकं धरलं की गडद भागांवर अनेकदा चंदेरी झाक दिसते. मथळा पांढऱ्या हस्ताक्षरात असेल तर तो बहुधा निगेटिव्हवरच लिहिलेला असतो.

छापील कार्डावरच्या रंगांवर मात्र विसंबू नका. मूळ फोटो कृष्णधवल असायचा आणि रंग छापखान्यात चढायचे. पहिल्या महायुद्धाआधी हे काम मोठ्या प्रमाणावर जर्मनीत होई, आणि रंगवणाऱ्याने तो समुद्र पाहिलेलाही नसे. वर चंद्र टाकायचा, रिकाम्या पाण्यात शिडाची होडी सोडायची, हे सर्रास चाले. पण छापील कार्डाची एक बाजू भक्कम आहे: एकच देखावा वर्षानुवर्षं नव्याने निघतो. त्या आवृत्त्या ओळीने मांडल्या की फिरण्याचा रस्ता कधी रुंदावला, नवं हॉटेल कधी उभं राहिलं, हे कळत जातं. मासे सुकवण्याची जागा किंवा जाळी विणणारी माणसं त्यात क्वचितच सापडतात.

फोटोकार्डाची ताकद त्याच्या तंत्रात आहे. कोडॅकने १९०२ च्या सुमारास मागे पोस्टकार्डाची छपाई असलेला फोटोकागद विकायला आणला आणि १९०३ मध्ये थेट पोस्टकार्डाच्या आकाराची निगेटिव्ह देणारा ३ए कॅमेरा. निगेटिव्ह तेवढीच, छपाईही तेवढीच. फोटो मोठा करावा लागत नसल्याने बारकावे टिकतात, भिंगाखाली दुकानाची पाटीसुद्धा वाचता येते. शिवाय गावातला फोटोग्राफर वादळानंतर लगेच पडझडीची कार्डं काढू शकत होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या डनविचचं ऑल सेंट्स चर्च १९०४ च्या सुमारास कड्याच्या टोकाशी आलं आणि तुकड्यातुकड्याने समुद्रात गेलं. मनोऱ्याचा शेवटचा मोठा भाग १९१९ मध्ये कोसळला. ही पडझड पोस्टकार्डांच्या काळातच झाल्यामुळे तिचे टप्पे कार्डांवर सापडतात. इंग्लंडमध्येच डेव्हन परगण्यातल्या हॉलसँड्स गावाची गोष्ट अधिक बोचरी आहे. प्लिमथजवळच्या नौदलाच्या गोदीसाठी १८९७ पासून तिथल्या समुद्रातून लाखो टन खडी उपसली, गावापुढचा गोट्यांचा बांध खचला आणि जानेवारी १९१७ च्या वादळात जवळजवळ सगळं गाव गेलं. अशा ठिकाणी आधीचं आणि नंतरचं अशी दोन फोटोकार्डं मिळाली तर ती पुराव्याच्या तोडीची.

तारखेच्या बाबतीत दोन्ही प्रकार फसवतात. मागची बाजू संदेश आणि पत्ता अशी दुभागलेली असेल, तर ब्रिटनमधलं कार्ड १९०२ किंवा नंतरचं, अमेरिकेतलं १९०७ किंवा नंतरचं. पण ही तारीख कार्डाची, फोटोची नव्हे. इंग्लंडमधल्या ब्रायटनचा चेन पिअर हा धक्का ४ डिसेंबर १८९६ च्या वादळात पडला. तो दुभागलेल्या पाठीच्या कार्डावर शाबूत दिसला, तर फोटो जुनाच आहे. टपालाचा शिक्काही एवढंच सांगतो की देखावा त्या दिवसानंतरचा नाही.

तरीसुद्धा कोरं आणि वापरलेलं यांत मी वापरलेलंच उचलेन. संग्राहक कोऱ्या कार्डाला भाव देतात, तो त्यांचा छंद. आपल्याला शिक्का हवा, आणि ‘काल लाटा रस्त्यावर आल्या’ अशी एखादी ओळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. मोजमापासाठी चांगला स्कॅनही चालतो, मात्र दोन्ही बाजूंचा. मागची बाजू दाखवत नाहीत तिथून काही घेऊ नये.

दोन कार्डं ताडून पाहताना पाण्याची रेघ धरू नका, एक फोटो भरतीचा आणि दुसरा ओहोटीचा असू शकतो. घराचा कोपरा, चर्चची भिंत, दगडी पायरी अशी हलत नसलेली खूण धरा आणि तिथून कड्याच्या टोकापर्यंतचं अंतर पाहा. दोन्ही फोटो साधारण एकाच जागेवरून काढलेले हवेत. म्हणूनच एका जागेची वेगवेगळ्या सालांची चार फोटोकार्डं, चार जागांच्या एकेका कार्डापेक्षा आधी घ्यावीत.