नळ की पाणकणीस? न्हाणीच्या पाण्यासाठी माझा कौल

न्हाणीचं पाणी थेट माडांना सोडण्याऐवजी आधी खडीच्या वाफ्यातून गाळून घ्यायचं, इथपर्यंत तुमचं ठरलंय असं धरून चालतो. पुढचा प्रश्न, वाफ्यात लावायचं काय. कर्दळ दिसायला छान, पण मी ती लावलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बोलत नाही. माझी ओढाताण झाली ती नळ आणि पाणकणीस यांच्यात. (नळ म्हणजे ओहोळाकाठी वाढतो तो, बोरूच्या कुळातला. पाणकणीस म्हणजे मखमली कणसं येणारं, गवतासारखं पाणथळीतलं झाड. ‘वाफ्यात नळ लावायचाय’ म्हटल्यावर आमच्या प्लंबरनं ‘अर्धा इंची की पाऊण?’ असं विचारलं होतं.)

घर फोंडा तालुक्यात, झुआरीच्या खाजनाला (बांध घालून राखलेल्या खाऱ्या सखल शेतजमिनीला) लागून. माणसं सहा. वाफा चार मीटर लांब, दोन मीटर रुंद, चिऱ्यांचा, आतून सिमेंटचा गिलावा, आत साठ सेंटिमीटर खडी. पाणी खडीच्या दोन इंच खालीच राहतं, म्हणून डास होत नाहीत. मधून चिऱ्यांची उभी ओळ, एका अंगाला नळ, दुसऱ्या अंगाला पाणकणीस. यात शास्त्र काही नव्हतं, आणलेले नळाचे गड्डे अर्ध्या वाफ्यालाच पुरले इतकंच.

पाणी कोण जास्त स्वच्छ करतं? नाकाला आणि डोळ्यांना तरी मला फरक कळला नाही. दोघांचं काम एकाच रीतीनं चालतं. पोकळ देठातून हवा खाली मुळांपर्यंत जाते, मुळांभोवती थोडा प्राणवायू झिरपतो आणि तिथले जिवाणू घाण खातात. वनस्पती स्वतः शोषते ते त्यामानानं थोडं, आणि तेही कापून बाहेर काढलं तरच. पाणवनस्पतींनी सांडपाणी सुधारतं का, हे जर्मनीत काथे झायडेल यांनी १९५० च्या दशकात तपासायला घेतलं. पुढे युरोपात अशा वाफ्यांत नळच रुळला, पण तिथल्या थंडीवरून आपल्याकडचा निकाल लावू नये.

पहिल्या वर्षी मी सरळसरळ पाणकणसाच्या बाजूनं होतो. जूनमध्ये लावलेलं चवथीपर्यंत कमरेएवढं झालं. पानं मऊ, हात कापत नाहीत. शेजारी नळाच्या चार काड्या लाजत उभ्या. नळाला जम बसवायला पूर्ण वर्ष लागलं, आणि बसल्यावर तो माणसाच्या दुप्पट उंच झाला, पलीकडचा मानस (खाजनाचा पाणी अडवायचा दरवाजा) दिसेनासा झाला. पानांच्या कडा धारदार, लांब बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय आत शिरू नये. त्याच्या जमिनीखालच्या खोडांना सुईसारखी टोकं असतात. गिलाव्याऐवजी नुसतं प्लास्टिक अंथरणार असाल तर नळ ते भोसकू शकतो, तेव्हा तिथे पाणकणीस बरं.

नळाची आणखी एक खोड मला महागात पडली, पण चूक माझीच. मे अखेरीस मी तो जमिनीसरशी छाटला. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वाफा तुंबला, छाटलेली तोंडं पाण्याखाली गेली आणि निम्मी बेटं कुजली. वाळलेली काडीसुद्धा मुळांना हवा पोचवणारं धुराडं असते, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आता छाटतो जानेवारीत, हातभर बुंधा ठेवून.

एवढं सगळं नळाच्या विरोधात असूनही माझा कौल फिरला तो कापसामुळे.

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. एप्रिल सरत आलेला. आईनं अंगणात भिंडाची (कोकमाची) सोलं घातलेली, त्यांना रसाचा तिसरा हात दिलेला, शेजारी ताटांतून फणसाची साटं (फणसपोळ्या). दुपारी समुद्राकडचं वारं सुटलं आणि पाणकणसं उसवली. पाणकणीस बाहेरून किती घट्ट, मखमली! पण पिकल्यावर बोटानं जरा दाबलं की आतला कापूस फेसासारखा वर येतो आणि येतच राहतो. एका कणसात दोन लाखांच्या आसपास बिया असू शकतात, प्रत्येकीला आपली छत्री. अशी वीसेक कणसं. ओल्या सोलांवर, चिकट साटांवर, दोरीवरच्या धोतरावर, विहिरीच्या पाण्यावर. आईनं एक साट उन्हाकडे धरून पाहिलं. ‘फणसाला केस आले रे,’ एवढंच म्हणाली. सोलं धुता येईनात, साटं तर टाकूनच दिली.

कणसं हिरवी असतानाच कापली तर हे टळतं, मान्य. मी वर्षभर तसं केलंही. पण दर पंधरा दिवसांनी वाफ्यात उतरायचं आणि एक जरी नजरेआड राहिलं तरी संपलं. नळालाही तुरा येतो, त्याचंही बी वाऱ्यावर जातं, पण आमच्या अंगणात त्याचा असा उच्छाद कधी झाला नाही. शिवाय मे महिन्यात विहीर मचूळ होते तेव्हा पाणकणसाच्या पानांची टोकं करपायची, नळाला काही वाटलेलं दिसलं नाही. हिवाळ्यात नळात वटवटे पक्षी येऊन दिवसभर चक्-चक् करतात, तो वरचा लाभ.

तुमच्याकडे अंगणात काही वाळत घालत नसतील, घाई असेल किंवा नळाची उंची नको असेल, तर पाणकणीस लावायला माझी हरकत नाही. नळ घ्यायचा ठरलाच तर गड्डे शेताच्या पाटातून, मालकाला विचारून आणा. करमळीच्या तळ्यातून किंवा कुडचड्याच्या नंदा तळ्यातून नको. नंदा तळं २०२२ मध्ये गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालंय. आणि वाफ्यातला जादा नळ उपटून ओहोळात तर मुळीच फेकू नका, कांड्याच्या तुकड्यातूनही तो उठतो.

मी पाणकणीस उपटलं, पण एक कोपरा ठेवला. त्यातला कापूस शिंजीर पक्षी घरट्यासाठी न्यायचा, ते पाहायला आईलाच आवडायचं. यंदा दोन कणसं कापायची राहिली आहेत. सोलं गच्चीवर घातलीत.