मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून डेटाबेस सर्व्हर घेतला, पाचपैकी साडेचार स्टार

आमचं औषधांच्या होलसेलचं बिलिंग पोस्टग्रेस या डेटाबेसवर चालतं आणि महिनाअखेरीला सगळे एकदम बिलं काढायला बसले की जुना सर्व्हर मान टाकायचा. मी जास्तीत जास्त कोरवाला प्रोसेसर घ्यायचं ठरवूनच गेलेलो. काउंटरवरच्या दादांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, डेटा किती, राइट (डिस्कवर लिहिणं) किती? १८० जीबी म्हटल्यावर म्हणाले, "साहेब, कोर कमी करा, रॅम २५६ घ्या, चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसीच घ्या, डेटा सगळा रॅममध्ये बसेल. उरलेले पैसे एसएसडीत घाला."

मी गेमिंगवाली एनव्हीएमई एसएसडी बघत होतो, बॉक्सवर मोठ्ठा स्पीड छापलेला. त्यांनी ती आणि एक एंटरप्राइझवाली, दोन्ही टेबलावरच्या मशीनला लावून एफसिंकची, म्हणजे डेटा पक्का लिहून झाल्याची खात्री सेकंदाला किती वेळा मिळते याची, टेस्ट मारली. गेमिंगवाली सेकंदाला काहीशेवरच अडकली, दुसरी हजारांत गेली, मी बघतच राहिलो. कमिट, म्हणजे व्यवहार कायम करणं, डिस्कवर पक्कं लिहिलं गेल्याशिवाय पोस्टग्रेस पुढे सरकत नाही ना, आणि एंटरप्राइझ ड्राइव्हमध्ये कॅपॅसिटर असतात, लाइट गेली तरी कॅशमधलं सगळं उतरवून ठेवतात, म्हणून तो ड्राइव्ह लगेच "झालं" म्हणू शकतो. एका बंद पडलेल्या ड्राइव्हचं कव्हर उघडून ती कॅपॅसिटरची रांगसुद्धा दाखवली, एवढं कोण करतं हो गिऱ्हाईकासाठी!

रेड ५ चा (ड्राइव्ह एकत्र जोडून, एक गेला तरी डेटा वाचेल अशी मांडणी) हट्ट मीच धरलेला, चारपैकी तीन ड्राइव्हची जागा मिळते म्हणून. पण त्यात एका छोट्या राइटला जुना डेटा वाचा, पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायचा हिशेब) वाचा, मग दोन्ही परत लिहा, अशी चार कामं, सगळं दोन-दोन ड्राइव्हवर लिहिणाऱ्या रेड १० ला दोनच. जागा निम्मी झाली पण रेड १० च घेतलं. वॅलला (पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी जिथे नोंदवतं तो लॉग) वेगळी डिस्क हवीच हे माझ्या डोक्यात हार्ड डिस्कच्या जमान्यापासून बसलेलं, तेही त्यांनी काढायला लावलं आणि त्या पैशात एक स्पेअर ड्राइव्ह घेतला.

अर्धा स्टार कापला तो रॅमसाठी. बोर्डाला रॅमचे आठ चॅनल (प्रोसेसरकडे जाणारे रस्ते), मी ३२ च्या आठ स्टिक सांगितलेल्या, यांनी ६४ च्या चार टाकून पाठवल्या, म्हणजे अर्धे चॅनल रिकामे. बदलून दिल्या, वर पैसे नाही घेतले, पण माझे दोन दिवस गेले, त्यामुळे डिलिव्हरी घेताना झाकण उघडून मोजाच. आणि गाडी नेऊ नका, ग्रँट रोडला उतरून ईस्टला चालत जा.