गुलाबी पावडरीत गेलेले 7,900 रुपये, हरभरावाल्यांनो वाचाच

बीजप्रक्रियेनं हरभरा पाण्याविना तग धरतो म्हणत कोणी गाडी घेऊन गावात आला तर आधी पाकिटाचा फोटो काढा, मग बोला. आमचे 7,900 गेलेत. एकरी पावडर 1,340 आणि बाटली 650, चार एकराचे 7,960 झाले, वरचे 60 त्यानं सोडले तर मला वाटलं माणूस बरा दिसतोय.

लगेच हसू नका. तो सगळंच खोटं बोलत नव्हता, घोळ तिथंच आहे. रायझोबियम जीवाणूनं मुळावर नत्राच्या गाठी वाढतात हे आपल्याला माहितीच आहे, हरभरा रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत सुकवून पेरला तर कोरडवाहूत लवकर उगवतो हे पण खरं. त्यात त्यानं पुडी सोडली की आमचं लावल्यावर दुसरं काही लावायचं नाही, मर रोगाला अडवणारी ट्रायकोडर्मा बुरशी पण नाही, आणि फुलोऱ्यातलं पाणी वाचलंच समजा.

डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. जिवंत जीवाणू म्हणून विकत होता आणि खोकी गाडीच्या डिकीत, ऑक्टोबरच्या उन्हात! पाकीट हाताला चटका देत होतं. जीवाणू कल्चरच्या पाकिटावर दरवर्षी 'थंड जागी ठेवा' वाचणारा मी, विचारलं सुद्धा, तर म्हणे 'काका, हे जीवाणूच उष्णता सोसणारे, म्हणून तर पीक सोसतं.' आणि पटलं की मला! इतक्या सफाईनं बोलल्यावर कुणालाही पटलं असतं. एक्स्पायरी नाही, नोंदणी नंबर नाही. बियाण्याला चोळून बादलीत हात धुतले तर तळाला चुन्यासारखा पांढरा गाळ.

पुढं मर लागली, झाडं वाळायला लागली. खोड उभं चिरलं तर आत काळपट, मुळाला गाठी नावाला. विहिरीत पाणी असून फुलोऱ्यात स्प्रिंकलर लावला नाही, घाटे पोचट.

आता कृषी कार्यालयाचं ऐका. बियाणं उगवलं ना, मग बियाण्याची तक्रार बसत नाही. खत आहे का? नाही. कीटकनाशक? नाही. मग आमच्याकडं येत नाही! अरे 2021 पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाची वाढ नि सोसायची ताकद वाढवणारी असली उत्पादनं, खत नियंत्रण आदेशात आलेत, हे मी सांगायचं का तुम्हाला? पंचायत समितीत पाठवलं तर साहेब ट्रेनिंगला, पोलिस म्हणतात पक्कं बिल आणा. बिल 'उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो' म्हणाला होता तो, यूपीआय भलत्याच्याच नावावर, ते बघायला पण कोणी तयार नाही. एक जण तर तोंडावर म्हणाला, सात-आठ हजारासाठी कशाला एवढं फिरताय. तुमच्या खिशातले गेलेत का?

बिल नसेल तर पैसे देऊ नका. दुकानातून घेतलं तरी तारीख बघा. नवीन काही लावायचंच असेल तर चार ओळींत लावा, अख्ख्या रानात नको. मी एक पाकीट न फोडता ठेवलंय, हीच गुलाबी पावडर कुणी घेतली असेल तर मेसेज करा, ग्राहक आयोगात मिळून जाऊ.